आनुवंशिक हृदयविकार : संशोधनाच्या संमतीपत्रावर सही करावी का?

वाचकाचे पत्र, थोडक्यात :

"आम्ही तीन पिढ्यांपासून इंदूरचे. गेल्या वर्षी माझे धाकटे दीर बॅडमिंटन खेळताना कोसळले आणि वयाच्या ३६व्या वर्षी गेले. त्यानंतर माझ्या यजमानांची तपासणी केली, तेव्हा हृदयातील पडदा १९ मिलिमीटर जाड निघाला आणि हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथीचे (एचसीएम) निदान झाले. मुंबईच्या ज्या रुग्णालयात आम्ही दाखवतो, तेथे १४ पानांचे इंग्रजी संमतीपत्र दिले आहे. रजिस्ट्रीत, म्हणजे या विकाराच्या रुग्णांच्या नोंदवहीत, नाव घालायचे, जनुकीय तपासणीसाठी रक्त द्यायचे, आणि पुढे नव्या औषधाची चाचणी सुरू होईल तेव्हा त्यात यायचे का, असे विचारले आहे. त्या चाचणीत निम्म्या लोकांना औषध नसलेली गोळी मिळणार म्हणे. यजमान सही करायला तयार आहेत. माझे भाऊ म्हणतात, इंदूरच्या माणसाने तरी असल्या कागदावर सही करू नये. सासूबाईंना भीती आहे की हे कागदोपत्री आले तर मुलीचे लग्न जमणार नाही. मुलगी २२ वर्षांची आहे. मुलगा १४ वर्षांचा असून क्रिकेट खेळतो. देवासच्या नणंदबाई 'आम्हाला यात ओढू नका' म्हणतात. आम्ही काय करावे?"

उत्तर :

ताई,

दिरांच्या जाण्याचे दुःख ताजे असतानाच हे निर्णय तुमच्यासमोर येऊन ठेपले आहेत, याची मला जाणीव आहे. तुमचे पत्र वाचताना असे दिसते की मुंबईहून आलेल्या कागदांत तीन निरनिराळ्या बाबी एकत्र आल्या आहेत आणि घरातील प्रत्येकजण त्यातील वेगळ्याच बाबीवरून वाद घालतो आहे. घरच्यांची हृदयतपासणी ही एक, रजिस्ट्री व जनुकीय तपासणी ही दुसरी आणि नव्या औषधाची चाचणी ही तिसरी. पहिलीचा संशोधनाशी काहीही संबंध नाही, तिच्यासाठी त्या १४ पानांवर सही लागत नाही आणि ती लांबणीवर टाकण्याजोगीही नाही. दुसरीला, काही कलमे तपासून, होकार द्यावा असे माझे मत आहे. तिसरीचा निर्णय आज घेण्याची गरजच नाही.

तपासणीपासून सुरुवात करतो. रक्तदाब किंवा झडपेचा दोष असे काही कारण नसताना हृदयाच्या डाव्या कप्प्याचा स्नायू, विशेषतः दोन कप्प्यांमधला पडदा, जाड होणे हे या विकाराचे लक्षण आहे. प्रौढ माणसात हा पडदा साधारणतः ११-१२ मिलिमीटरपर्यंत असतो. तो १५ मिलिमीटर किंवा त्याहून जाड भरला तर निदान करतात, आणि घरात आधीच रुग्ण असेल तर नातेवाइकाच्या बाबतीत १३ मिलिमीटरही पुरेसे मानतात. हा विकार दुर्मिळ नाही. सुमारे ५०० माणसांमागे एकाला तो असतो. तो पिढीजात असतो तेव्हा रुग्णाच्या प्रत्येक अपत्याला सदोष जनुक मिळण्याची शक्यता निम्मी असते आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नसतो. मात्र जनुक मिळालेल्या प्रत्येकाचा स्नायू जाड होतोच असे नाही. काहींचा पौगंडावस्थेत होतो, काहींचा चाळिशी उलटल्यावर, तर काहींचा कधीच होत नाही. त्यामुळे एकदा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, नॉर्मल आला म्हणून फाइल बंद करता येत नाही. मुलामुलींची ईसीजी आणि इको तपासणी दर एक-दोन वर्षांनी आणि प्रौढांची दर तीन ते पाच वर्षांनी पुन्हा करावी लागते.

ही तपासणी इंदूरमध्येच होऊ शकते, परंतु ती नीट करवून घ्या. इकोच्या चिठ्ठीवर 'काकांचा आकस्मिक मृत्यू, वडिलांना एचसीएम' असे स्पष्ट लिहून घ्या, कारण गर्दीच्या वेळी घाईघाईने उरकलेल्या इकोत हृदयाच्या टोकाकडील जाडी सहज निसटते. अहवालात 'फंक्शन नॉर्मल' एवढाच शेरा पुरेसा नाही. पडद्याची जाडी मिलिमीटरमध्ये, डाव्या वरच्या कप्प्याचा आकार, आणि रक्त बाहेर पडण्याच्या वाटेवरील दाबाचा फरक, ज्याला डॉक्टर ग्रेडियंट म्हणतात, तो शांत पडलेले असताना किती आणि श्वास रोखून जोर दिल्यावर किती, असे सगळे आकडे लिहून मागा. ईसीजीला कमी लेखू नका. स्नायू जाड होण्यापूर्वीच ईसीजीत बदल दिसल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

मुलाची तपासणी होईपर्यंत त्याचे सामने आणि जोराचा सराव थांबवावा. तपासणी निर्दोष निघाली तर त्याला खेळू द्यावे. 'घरात आजार आहे' एवढ्याच कारणावरून निरोगी मुलाला पॅव्हेलियनमध्ये बसवणे मला योग्य वाटत नाही. आजार आढळला तरी, पूर्वीप्रमाणे सगळे खेळ सरसकट बंद करण्याची पद्धत आता सैल होत आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लाइव्ह-एचसीएम या अभ्यासात १,६६० जणांची माहिती घेण्यात आली होती, आणि जोरकस व्यायाम करणाऱ्यांत मध्यम व्यायाम करणाऱ्यांपेक्षा घातक प्रसंग अधिक घडल्याचे दिसले नाही. मात्र त्यातील बहुतेक लोक तज्ज्ञांच्या नियमित देखरेखीखाली होते, हे विसरून कोणी त्याचा आधार घेऊ नये. खेळताना भोवळ आली, शुद्ध हरपली किंवा छातीत विचित्र धडधड झाली, तर त्याच दिवशी खेळ बंद आणि डॉक्टरांकडे जाणे, हे मुलाला आणि त्याच्या प्रशिक्षकांनाही सांगून ठेवा.

आता घरी बसून करण्याचे एक काम. तुमच्या यजमानांच्या घराण्याचा कुलवृत्तांत असेल तर तो काढा. होळकरांच्या काळात इकडे आलेल्या बऱ्याच घराण्यांकडे तो असतो. त्यात 'अल्पवयात निवर्तले' अशी नोंद असलेली माणसे शोधा आणि सासूबाईंना विचारा की ती कशाने गेली. नदीत बुडालेला पट्टीचा पोहणारा, सरळ रस्त्यावर झाडावर आदळलेली मोटारसायकल, फेफरे येते म्हणून वर्षानुवर्षे गोळ्या घेणारी चुलती, अशा नोंदी हृदयरोगतज्ज्ञाला फार महत्त्वाच्या असतात, कारण त्यामागे हृदयाची बिघडलेली लय असू शकते. किमान तीन पिढ्यांची वंशावळ काढा. आपल्या कुलवृत्तांतांची एक मोठी उणीव येथे आड येते : लेकी सासरी गेल्या की त्यांची शाखा तेथेच खुंटते. जनुक मात्र आत्याकडून आतेभावंडांकडे तितक्याच सहजतेने जाते. म्हणून नणंदबाईंची शाखा तुम्ही स्वतः भरा. दिरांचे शवविच्छेदन झाले असल्यास त्याचा अहवालही जोडा.

नणंदबाईंवर संशोधनात येण्याची सक्ती कोणी करू शकत नाही आणि तुम्हीही करू नका. पण सख्ख्या भावाला विकार असल्यामुळे त्यांना स्वतःला ईसीजी आणि इको करून घेणे आवश्यक आहे, आणि त्या दोन तपासण्यांसाठी त्यांना कोणत्याही रजिस्ट्रीत नाव घालावे लागत नाही, हे त्यांना कोणी सांगितलेले दिसत नाही. फोनवर वाद घालण्यापेक्षा यजमानांच्या डॉक्टरांकडून 'निकटच्या नातेवाइकांनी तपासणी करून घ्यावी' असे अर्ध्या पानाचे पत्र घ्या आणि ते देवासला पोचते करा. तपासणीत विकार आढळला नाही तर त्यांना तूर्त धीर येईल, ठरावीक वर्षांनी ती पुन्हा करावी लागेल एवढेच. आढळला तर त्यांच्या मुलांचीही तपासणी वेळेवर होईल.

जनुकीय तपासणी नेहमी रुग्णापासून सुरू करतात. म्हणून आधी रक्त यजमानांचे. या विकाराशी संबंधित पहिला जनुकीय दोष १९९० मध्ये हार्वर्ड येथील क्रिस्टीन आणि जोनाथन साइडमन यांच्या गटाने दाखवून दिला, आणि आज मुख्यतः हृदयस्नायूच्या आकुंचनाशी निगडित असलेली काही मोजकी जनुके तपासली जातात. उत्तर तीन प्रकारचे येऊ शकते. रोगकारक बदल सापडला, तर मुलांमध्ये नेमका तोच बदल शोधता येतो आणि ज्याच्यात तो नाही त्याची वर्षानुवर्षांच्या इकोतून सुटका होते. तुमच्या घरासाठी याहून मोठा लाभ दुसरा नाही. काहीच सापडले नाही, आणि असे बऱ्याच रुग्णांत होते, तर मुलांची जनुकीय तपासणी निरुपयोगी ठरते व इकोचे वेळापत्रक चालू राहते. तिसरा प्रकार सर्वांत गोंधळाचा : बदल सापडतो, पण तो रोगकारक आहे की निरुपद्रवी हे ठरवता येत नाही. अशा संदिग्ध बदलाच्या आधारे मुलांविषयी कोणताही निर्णय घेऊ नये.

हा तिसरा प्रकार आपल्याकडे अधिक आढळतो, कारण तुलनेसाठी वापरली जाणारी जनुकीय माहिती प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. याचे एक उदाहरण आपल्याच उपखंडातले आहे. एमवायबीपीसी३ या जनुकातील डीएनएच्या २५ अक्षरांचा एक तुकडा दक्षिण आशियातील सुमारे ४ टक्के लोकांत गळालेला असतो आणि त्याचा हृदय निकामी होण्याशी संबंध आहे, असे भारतीय शास्त्रज्ञांचा मोठा सहभाग असलेल्या एका अभ्यासाने २००९ मध्ये दाखवले. त्यानंतर, २०१८ मध्ये, असे लक्षात आले की हा तुकडा गळालेल्यांपैकी काहींच्या त्याच जनुकात आणखी एक बदल असतो आणि हृदयावरील परिणामाचा मोठा भाग त्या दुसऱ्या बदलाशी जोडलेला असू शकतो. शंभरात चौघांत आढळणारी गोष्ट एखाद्या घरातील आकस्मिक मृत्यूचे एकमेव कारण म्हणून सांगितली गेली, तर डॉक्टरांना आणखी प्रश्न विचारा. असे गुंते सोडवण्यासाठी भारतीय कुटुंबांच्याच नोंदी लागतात. रजिस्ट्रीला होकार द्यावा असे मी म्हणतो, त्याचे हे पहिले कारण.

दुसरे कारण या रोगाच्या इतिहासात आहे. १९५८ मध्ये लंडनचे शवविच्छेदनतज्ज्ञ डोनाल्ड टीअर यांनी हृदयाची अशी विषम जाडी असलेल्या आठ रुग्णांचे वर्णन केले, त्यांतील बहुतेक तरुणपणी अचानक दगावलेले. पुढील काही दशके निवडक मोठ्या रुग्णालयांतील गंभीर रुग्णांच्या अनुभवावरून दरवर्षी शंभरातील चार ते सहा रुग्ण दगावतात असे मानले जात होते. सौम्य रुग्णांच्याही पद्धतशीर नोंदी होऊ लागल्यावर, आणि उपचारही सुधारल्यामुळे, हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास असल्याचे दिसले. कोणाला छातीत आयसीडी, म्हणजे घातक लय विजेच्या झटक्याने सुधारणारे यंत्र, बसवावे हे ठरवण्यासाठी २०१४ पासून युरोपात वापरले जाणारे सूत्र ३,६७५ रुग्णांच्या नोंदींवरून तयार झाले. वय, पडद्याची जाडी, डाव्या वरच्या कप्प्याचा आकार, ग्रेडियंट, घरातील आकस्मिक मृत्यू, होल्टरमध्ये (दिवसभर अंगावर लावलेल्या ईसीजीत) दिसलेली बिघडलेली लय आणि कारणाविना शुद्ध हरपणे, एवढ्यावरून ते पाच वर्षांतील धोका सांगते. तुमच्या यजमानांच्या डॉक्टरांनी तो आकडा काढला आहे का, हे पुढच्या भेटीत जरूर विचारा. रजिस्ट्रीत सही करा अथवा न करा, तो आकडा त्यांना मिळालाच पाहिजे.

तुमच्या भावांच्या म्हणण्याला मी हसण्यावारी नेणार नाही. औषधचाचण्यांत रुग्णांना पुरेशी कल्पना दिली गेली नाही, या तक्रारींनी इंदूर शहर काही काळ देशभर गाजले होते, आणि इंदूरच्याच स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. त्या प्रकरणातून २०१३ मध्ये नुकसानभरपाईचे आणि संमतीच्या दृक्‌श्राव्य चित्रीकरणाचे दंडक आले, आणि २०१९ मध्ये नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्यांचे स्वतंत्र नियम लागू झाले. भावांना हा पुढचा भागही सांगा. आज तुमच्या हातात जे हक्क आहेत, त्यांतील बरेचसे इंदूरच्या लोकांनी दिलेल्या लढ्यामुळे आलेले आहेत, आणि ते वापरायचे असतील तर कागद वाचावाच लागतो.

मी स्वतः काही वर्षे एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे संशोधनात सहभागी होणाऱ्यांचे हित पाहणाऱ्या समितीवर, होतो, म्हणून कोठे बोट ठेवावे ते सांगतो. पहिली गोष्ट, इंग्रजी प्रत परत करा आणि मराठी किंवा हिंदी प्रत मागा. सहभागी व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत माहिती देणे ही त्यांची जबाबदारी आहे, तुमच्यावरील मेहेरबानी नव्हे. ती प्रत घरी आणून सावकाश वाचा. मुख्य संशोधकाचे नाव आणि एथिक्स कमिटीचा दूरध्वनी क्रमांक त्यात असलाच पाहिजे. समितीच्या क्रमांकावर एकदा फोन करून पाहायला काहीच हरकत नाही, आणि तेथून कोणी नीट उत्तर देते का यावरून पुष्कळ कळते. त्यानंतर 'भविष्यातील वापर' हे कलम शोधा. उरलेले रक्त केवळ हृदयविकाराच्या अभ्यासासाठी वापरले जाईल की कोणत्याही संशोधनासाठी, ते परदेशी किंवा एखाद्या कंपनीकडे जाईल का, आणि नावाऐवजी सांकेतिक क्रमांक लावला तरी त्याची किल्ली कोणाकडे राहील, हे स्पष्ट नसेल तर तसे लिहून मागा. या कलमापुढे 'हो' आणि 'नाही' अशा दोन चौकटी असतील, तर तेथे 'नाही' म्हणूनही रजिस्ट्रीत राहता येते.

सर्वांत मोलाचे कलम निष्कर्ष परत देण्याविषयीचे असते आणि ते बहुधा मागच्या पानांत दडलेले असते. अनेक अभ्यासांत रक्त घेतले जाते, पण वैयक्तिक निकाल कळवला जात नाही. तुमच्या बाबतीत तसे असेल, तर मुलांच्या तपासणीसाठी त्या रक्ताचा उपयोग शून्य, आणि उपचाराचा भाग म्हणून वेगळी तपासणी करावी लागेल. निकाल कळवणार असतील, तरी तो मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पुन्हा पडताळून देणार का आणि समजावून सांगायला समुपदेशक असेल का, हे विचारा. सही केलेल्या संमतीपत्राची प्रत स्वतःजवळ ठेवा. केव्हाही बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारांत फरक पडता कामा नये. तो पडेल असे कोणी सुचवले, तर तेथेच थांबा.

मुलाला यात घ्यायचे ठरले, तर तुमच्या सहीबरोबर त्याचीही लेखी अनुमती लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे १२ ते १८ या वयोगटासाठी तशी तरतूद आहे. तो 'नको' म्हणाला, तर त्याचे ऐकावे.

औषधाच्या चाचणीविषयी थोडक्यात. या विकारात हृदयस्नायूतील मायोसिन या प्रथिनामुळे होणारे अतिरेकी आकुंचन कमी करणारी औषधे आली आहेत. त्यांतील पहिले, मावाकॅम्टेन, याची एक्सप्लोरर-एचसीएम ही चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली; २५१ रुग्ण, ३० आठवडे. व्यायामक्षमता व लक्षणे यांतील सुधारणेच्या ठरवलेल्या कसोटीवर औषध घेणाऱ्यांपैकी ३७ टक्के आणि प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, घेणाऱ्यांपैकी १७ टक्के उतरले. अमेरिकेत त्याला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. ते ग्रेडियंट असलेल्या, म्हणजे अडथळ्याच्या प्रकारासाठी आहे, आणि हृदयाची पंप करण्याची ताकद प्रमाणाबाहेर घटू नये म्हणून वारंवार इको करावा लागतो. हे औषध पचवणारे यकृतातील एक विकर काही जणांत मंद असते आणि अशा लोकांचे प्रमाण युरोपीयांपेक्षा आशियाई लोकांत अधिक आहे. त्यामुळे अशा औषधांच्या चाचण्या आपल्या लोकांतही व्हायला हव्यात, हे मान्य. प्लासिबोचा अर्थ उपचार बंद असा घेऊ नका. एक्सप्लोररमध्ये बहुतेकांची बीटा ब्लॉकरसारखी नेहमीची औषधे चालूच होती. तरीही चाचणीचा हेतू औषध पारखणे हा असतो, यजमानांना बरे करणे हा नव्हे. ती प्रत्यक्ष सुरू होईल तेव्हा तिचे संमतीपत्र वेगळे असले पाहिजे. रजिस्ट्रीच्या सहीत तिची संमती गुंडाळलेली असेल, तर ते वाक्य खोडायला लावा. त्या वेळी देशातील चाचण्यांची नोंद ठेवणाऱ्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडियावरील नोंदणी क्रमांक, चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई कोण देणार, आणि गुण आला तर चाचणी संपल्यावर औषध मिळत राहील का, हे विचारा.

विम्याचा विषय तुम्ही काढलेला नाही, पण तो महत्त्वाचा आहे. जनुकीय माहितीवरून होणाऱ्या भेदभावाला आळा घालणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. नेमक्या याच विकाराच्या एका रुग्णाचा दावा 'आनुवंशिक आजार' म्हणून नाकारला गेला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रुग्णाच्या बाजूने निकाल दिला, आणि विमा नियामकाच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनी आरोग्य विम्यात आनुवंशिक आजार सरसकट वगळण्यास मनाई केली. परंतु निदान झालेला आजार नवी पॉलिसी घेताना लपवला, तर दावा नाकारण्याचे कारण आपणच कंपनीच्या हाती देतो. घरची सध्याची पॉलिसी असेल, तर तिचे नूतनीकरण एक दिवसही चुकवू नका.

राहिली मुलगी. सासूबाईंची भीती आपल्या समाजाकडे पाहता निराधार नाही, पण रजिस्ट्रीतील नोंद स्थळ पाहायला येणाऱ्यांच्या हाती पडत नाही. काकांचा मृत्यू तर आधीच सर्वांना ठाऊक आहे आणि ती चर्चा इको न केल्याने थांबणार नाही. उलट, इको व्यवस्थित आहे आणि वडिलांमधील दोष तिच्यात नाही असा कागद हाती आला, तर हा विषय तिच्यापुरता कायमचा मिटेल. दोष आढळला, तरी हा विकार असलेल्या बहुसंख्य स्त्रियांची बाळंतपणे योग्य देखरेखीखाली सुखरूप होतात, हे तिला लग्नाआधी माहीत असणे चांगले. ती २२ वर्षांची आहे. तिच्या वतीने होकार किंवा नकार देण्याचा अधिकार तुम्हाला, यजमानांना वा सासूबाईंना नाही. ईसीजी आणि इको तिने करून घ्यावा असा आग्रह जरूर धरा, पण जनुकीय निकाल जाणून घ्यायचा की नाही हे तिने ठरवायचे आहे, आणि 'आत्ता नको' हेही योग्य उत्तर असू शकते. पुढच्या भेटीला तिला मुंबईला बरोबर न्या आणि डॉक्टरांशी एकटीने बोलता यावे म्हणून तिच्यासाठी वेगळी वेळ मागून घ्या.